मॉडर्न, आधुनिक, अर्वाचीन, नवता : कुठं काय बसतं?

प्रश्न असा आलाय की मॉडर्निटीला मराठीत आधुनिकता म्हणायचं, अर्वाचीनता की नवता, आणि "पोरगी लै मॉडर्न आहे" यातला मॉडर्न तोच का.

शेवटचं आधी सांगतो, तो मॉडर्न वेगळा. आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर कुणी कुणाला मॉडर्न म्हणालं की ते कपडे, केस, फार तर इंग्लिश बोलणं बघून, आणि त्यात निम्मं कौतुक, निम्मा टोमणा. तिथं "पोरगी लै आधुनिक आहे" म्हणून बघा, निबंधातलं वाक्य वाटतं. "आधुनिक विचारांची" मात्र चालतं.

अधुना म्हणजे आत्ता, त्यावरनं आधुनिक. मॉडर्नच्या मुळाशी पण लॅटिन 'मोडो' आहे, म्हणजे नुकतंच, आत्ताच. अर्वाचीन हा प्राचीनच्या उलटा, तो फक्त काळ सांगतो, म्हणून १८१८ नंतरचं ते अर्वाचीन वाङ्मय अशी ढोबळ वाटणी करतात. नवता म्हणजे नवेपणा, तो चपलेच्या डिझाइनमध्ये पण असतो आणि सीझन संपला की शिळा होतो.

आधुनिकता म्हणजे नुसतं आत्ताचं असणं नव्हे, माणसानं काय व्हायचं हे जन्मावर ठरायचं ते शिक्षणावर, कायद्यावर ठरायला लागणं, असं मी तरी धरतो. आपल्या कोल्हापूरचंच बघा की, शाहू महाराजांचं राधानगरी धरण, शाहू मिल हे आधुनिकीकरण. पण २६ जुलै १९०२ चा मागासवर्गीयांना सरकारी नोकरीत ५० टक्के जागांचा हुकूम आणि १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, इथं आधुनिकता शब्द लागतो. राजा एकच, त्यामुळं लोक दोन्हीला सरसकट एकच शब्द वापरतात. आता कोणी म्हणेल की हुकुमात जातच मोजली होती, मग जन्मावरच ठरलं की! मोजली खरी, पण जन्मामुळं बंद असलेलं नोकरीचं दार उघडायला, आणि ते पण सरकारी कागदावर, कुणाच्या दयेवर नाही.

तर लेखात मॉडर्निटीसाठी आधुनिकताच लिहा. कारखान्यात नवी मशिनरी बसली तर आधुनिकीकरण. आणि आधुनिकतावाद हा कला-साहित्यातला प्रवाह, कवी मर्ढेकरांचं नाव त्यात हमखास येतं, तो मॉडर्निझम, मॉडर्निटी नव्हे, परीक्षेत पोरं सर्रास घोळ घालतात.