शिफारसपत्र कोणाकडे मागावे?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. अमेरिकेत खगोलभौतिकीच्या पीएचडीसाठी अर्ज करताना लागणाऱ्या तीन शिफारसपत्रांसाठी तू प्राचार्य, विभागप्रमुख आणि मामांच्या ओळखीतले आयआयटीचे एक प्राध्यापक अशी नावे काढली आहेस. तिघेही मोठ्या पदावर आहेत, पण तिघांपैकी एकानेही तुला काम करताना पाहिलेले नाही. ही यादी बदलावी असे माझे स्पष्ट मत आहे.

तिकडे अर्ज वाचणारे प्राध्यापक पुढची पाच-सहा वर्षे तुला आपल्या गटात घ्यायचे की नाही, हे ठरवत असतात. गुण त्यांना गुणपत्रिकेत दिसतातच. काम अडल्यावर तू काय करतेस, हे मात्र केवळ पत्रातूनच कळू शकते. शिवाय पत्र अपलोड करताना शिफारस करणाऱ्याला बहुधा एक तक्ताही भरावा लागतो, ज्यात ही मुलगी त्यांच्या आजवरच्या विद्यार्थ्यांमध्ये पहिल्या पाच टक्क्यांत बसते की पहिल्या दहा, असे विचारलेले असते. तुला ओळखतच नसलेला माणूस तिथे काय भरणार?

पहिले पत्र तुझ्या उन्हाळी प्रकल्पाच्या मार्गदर्शकांचेच हवे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांपैकी एकीची निरीक्षणे बाकीच्यांशी जुळत नाहीत हे तुझ्या लक्षात आले, आणि ती परस्पर गाळून न टाकता तू आधीच्या रात्रींच्या नोंदी काढून पाहिल्यास, ही गोष्ट तूच मला सांगितली होतीस. एवढा एक प्रसंग नीट लिहिला गेला, तर ‘हुशार, मेहनती, प्रामाणिक’ या ठरीव विशेषणांची गरज उरत नाही. तुझ्याबरोबर रोज बसत होते ते मात्र तिथले पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर तिथे संशोधन करणारे. त्यांच्या एकट्याच्या पत्रापेक्षा, त्यांच्याकडून तपशील घेऊन मार्गदर्शकांनी लिहावे किंवा दोघांनी मिळून सही करावी, अशी विनंती कर. असे करण्यात वावगे काहीच नाही.

दुसरे पत्र एमएस्सीला क्वांटम मेकॅनिक्स शिकवणाऱ्या मॅडमकडे माग. त्यांच्या विषयात तुला सर्वाधिक गुण नव्हते हे मला ठाऊक आहे, पण तासानंतर थांबून तू त्यांच्याशी वाद घातला आहेस आणि त्यांना तो आठवतो. तिसरे पत्र एमएस्सीच्या प्रकल्पाच्या गाइडचे असावे. विभागप्रमुखांनी तुला एखादा विषय खरोखर शिकवला असता, तर त्यांचेही नाव मी आनंदाने सुचवले असते.

आता एक नाजूक गोष्ट. ‘तूच मसुदा लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य तुला कोणाकडून तरी नक्की ऐकायला मिळेल. आपल्याकडे ही रीत इतकी रुळली आहे की सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, कोणालाच त्यात काही खटकत नाही. तू मात्र तसे करू नकोस. स्वतःचे पत्र दुसऱ्याच्या नावाने लिहिणे ही फसवणूक आहे, आणि ती लपतही नाही, कारण तिन्ही पत्रे आणि तुझा एसओपी (अर्जासोबत तू स्वतः लिहायचे उद्देशाचे निवेदन) एकाच हाताचे आहेत हे सरावलेल्या वाचकाच्या ध्यानात येते. त्याऐवजी प्रत्येकाला एका पानाचे टिपण दे: कोणते काम कधी केले, त्यात काय अडले, काय चुकले, कोणत्या विद्यापीठांत कशासाठी अर्ज करते आहेस. सोबत गुणपत्रिका आणि एसओपीचा कच्चा खर्डा जोड. एवढे देऊनही कोणी मसुद्याचाच आग्रह धरला, तर आभार मानून दुसऱ्या शिक्षकांकडे जा. विचारतानाही ‘पत्र द्याल का’ असे न विचारता ‘माझ्याबद्दल तपशिलाने लिहिण्याइतके आपण मला ओळखता, असे आपल्याला वाटते का’ असे विचार, म्हणजे समोरच्याला संकोच न करता नाही म्हणता येईल.

बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरात संपते, आणि नेमक्या त्याआधीच्या महिन्यांत आपल्याकडे दिवाळीची सुट्टी, सत्रपरीक्षा व पेपरतपासणी एकापाठोपाठ येतात. म्हणून सप्टेंबरातच विचार. पत्र मागवणारी लिंक ई-मेलने जाते आणि संस्थेच्या पत्त्यावरून आलेल्या पत्रावर अधिक विश्वास ठेवला जातो, तेव्हा मॅडमचा कॉलेजचा ई-मेल चालू आहे ना, हेही विचारून घे. पत्र पाहण्याचा हक्क सोडतेस का, असा प्रश्न अर्जात असेल. अमेरिकेच्या 1974 च्या कायद्याने तो हक्क प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आहे. तो सोड, म्हणजे लिहिणारा मोकळेपणाने लिहील.

मॅडमना द्यायचे टिपण आधी मला पाठव. त्या वादाचा मुद्दा काय होता, तो त्यात सविस्तर लिही.

तुझा हितचिंतक