वॉशू ‘भाषा’ शिकली की ‘खुणा’?

प्रश्न असा आहे: वॉशूसारख्या चिंपांझींना शिकवलेल्या ‘साइन लँग्वेज’ला मराठीत हातवारे म्हणावं, खाणाखुणा, की सांकेतिक भाषा?

हातवारे नकोतच. ते बोलण्याच्या जोडीला असतात, बोलण्याऐवजी नाहीत. खाणाखुणा तिसऱ्याला कळू नये म्हणून करतात. ‘सांकेतिक भाषा’ रूढ आहे, पण तिला गुप्ततेचा वास येतो. माझं मत ‘खूणभाषे’ला. कर्णबधिरांची खूणभाषा ही व्याकरण असलेली पुरती भाषा आहे. अमेरिकी खूणभाषेपुरतं भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी ते १९६० पासून मांडलं.

चिंपांझींबाबत मात्र अडचण ‘भाषा’ या शब्दाचीच आहे. व्हिकी नावाच्या चिंपांझीला बोलायला शिकवण्यात वर्षं गेली आणि हाती जेमतेम चार शब्द आले. म्हणून १९६६ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात गार्डनर या संशोधक दांपत्याने वॉशूच्या हातांना शिकवायचं ठरवलं. चारेक वर्षांत ती सुमारे १३० खुणा शिकली. हंस पाहून तिने ‘पाणी’ आणि ‘पक्षी’ अशा खुणा केल्याचा किस्सा प्रसिद्धच आहे. हा समास झाला का? पाणकोंबडी, पाणमांजर यांत दुसरं पद मुख्य असतं, पहिलं त्याला विशेष करतं. वॉशूने तसं जोडलं, की समोर दिसलं ते पाणी आणि तो पक्षी, असं सुटं सुटं सांगितलं? एका प्रसंगावरून ठरवता येत नाही.

निम या चिंपांझीची सोळा खुणांची सर्वांत लांब ओळ अशी: ‘दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू’. लांबी वाढली, अर्थ तिथल्या तिथेच! निमवर प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांनी त्याच्या चित्रफिती तपासल्या, तर निम पुष्कळदा शिक्षकाच्याच खुणा उचलत होता. १९७९ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं.

पण एवढ्यावरून हे प्राणी मठ्ठ ठरत नाहीत. वॉशूने सांभाळलेलं चिंपांझीचं पिल्लू, लूलिस, कित्येक खुणा तिच्याकडे पाहून शिकला. त्याच्यासमोर माणसं मुद्दाम जवळजवळ सगळ्याच खुणा टाळत.

तेव्हा ‘वॉशू खुणा शिकली’, ‘निमने खूण केली’ असं लिहावं. ‘खूणभाषेत बोलली’ हे माणसांसाठी ठेवावं.

जाता जाता, चिंपांझीला ‘माकड’ही म्हणू नये, त्याला शेपूट नसते. ‘वानर’ म्हटलं की लांब शेपटीचं, काळ्या तोंडाचंच जनावर डोळ्यांपुढे येतं. ‘कपी’ चालेल, नाहीतर सरळ चिंपांझी.