'रूपांतर' की 'कायापालट'?

प्रश्न असा आला आहे: 'त्वचेच्या पेशींचे थेट चेतापेशींत रूपांतर' असे लेखात लिहिले होते, संपादकांनी तिथे 'कायापालट' केले. योग्य काय?

'रूपांतर'च. कायापालट आपण गावाचा किंवा जुन्या वाड्याचा करतो, आणि त्यात 'आधीपेक्षा चांगले झाले' असा भाव असतो. चेतापेशी त्वचेच्या पेशीहून वरचढ नसते, निराळी असते. आता शब्दाची फोड बघा. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, तसे रूपांतर म्हणजे दुसरे रूप. २०१० साली स्टॅनफर्डमध्ये मारिउस वेर्निग यांच्या गटाने उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींत (त्वचेत आणि इतर जोड-ऊतींत आढळणाऱ्या पेशींत) तीन जनुके घातली आणि त्यांच्या थेट चेतापेशी केल्या. पुढच्याच वर्षी चौथे जनुक जोडून माणसाच्या पेशींवरही हे साधले. प्रयोगशाळेतल्या बशीच्या तळाला चिकटलेली, चातीसारखी निमुळती पेशी हळूहळू आखडते आणि तिला लांबलचक बारीक तंतू फुटतात. वरून घातलेली जनुके सोडली तर तिचा डीएनए पूर्वीचाच. त्यातली कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, एवढेच बदलते. रूप दुसरे, मूळ तेच!

शाळेतल्या भूगोलातला 'रूपांतरित खडक' आठवतो ना? चुनखडकाचा संगमरवर होतो तो उष्णतेने आणि दाबाने, पण न वितळता. इथेही तसेच. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवलेल्या वाटेने गेले, तर त्वचेच्या पेशीला आधी मूलपेशीच्या (जिच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशीच्या) अवस्थेत मागे न्यावे लागते आणि तिथून चेतापेशी घडवावी लागते. म्हणजे खडक वितळवून पुन्हा ओतण्यासारखे. त्या फेऱ्यात पेशीवरच्या वयाच्या खुणा बऱ्याच पुसल्या जातात. थेट रूपांतरात त्या टिकतात, असे अमेरिकेतल्या सॉल्क संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. म्हातारपणी जडणारे मेंदूचे आजार अभ्यासायचे, तर त्या खुणाच हव्या असतात.

जाता जाता, 'चेतापेशी'ऐवजी 'मज्जापेशी' मात्र करू देऊ नका. मज्जा म्हटले की अस्थिमज्जा आठवते, आणि मूलपेशींच्या चर्चेत तीही सतत येते. वाचक हमखास गोंधळतो.

तेव्हा तुमचे वाक्य होते तसेच छापा. जागेअभावी एखादा शब्द कापायची वेळ आली, तरी 'थेट' कापू नका. तो गेला की वेर्निग आणि यामानाका यांच्या वाटांतला फरकच वाक्यातून जातो.