जमीन मोजणी, बांधकाम परवानगी ही कामं खाजगीकडं दिली तर सामान्य माणसाचा फायदा की तोटा?

मोजणी लवकर होईल, एवढा फायदा नक्की. बाकी सगळं पैसे कोण देतंय आणि शेवटची सही कोणाची, यावर आहे.

मी कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातला. आमच्याकडं मोजणीचा अर्ज टाकायचा, फी भरायची, तारीख मिळते तेव्हा रानात ऊस उभा, मग भूकरमापक म्हणणार ऊस तुटल्यावर बघू, आणि ऊसतोडीची टोळी कधी येणार ते कारखान्यालाच ठाऊक. एकदाची मोजणी लागली की लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, रोव्हर (उपग्रहावरनं जागा टिपणारं यंत्र) लावून पॉइंट घेतात, खुणा होतात, आणि बांधावर उभा असलेला चुलता म्हणतो मला मान्य नाही. तो निमताना, म्हणजे फेरमोजणीचा, अर्ज टाकतो, मग उपअधीक्षक येऊन मोजणार, तेही पटलं नाही तर वर सुपर निमताना. वैताग आहे खरा, पण चुलत्याला दाद मागायला जागा तरी आहे.

आता खाजगी परवानाधारक भूकरमापक आला आणि त्याची फी मी खिशातून दिली, तर चुलता पहिलं काय म्हणेल? तुझा माणूस, तुझीच मोजणी. आज पण फी अर्जदारच भरतो हो, पण ती सरकारजमा होते, मोजणाऱ्याचं पोट माझ्यावर नसतं. इथनं कागलच्या पलीकडं कर्नाटकात परवानाधारक सर्व्हेअर बरीच वर्षं आहेत, पण त्यांचं स्केच सरकारी खातं तपासतं आणि रेकॉर्ड सरकारचंच राहतं.

बांधकाम परवानगीत हे जास्त टोचतं. राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीनं 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानाधारक इंजिनिअरच्या जबाबदारीवर परवानगी सोपी केली, छोट्या घराला ते ठीकच. पण 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते आपण बघितलंय, मोठ्या स्कीमची पूररेषा बिल्डरकडनं फी घेणाऱ्यानंच तपासायची का? ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समध्ये 1998 पासून खाजगी सर्टिफायर, म्हणजे बांधकाम नियमात आहे का ते तपासून मंजुरी देणारी खाजगी माणसं, आहेत. 2018 च्या डिसेंबरमध्ये सिडनीच्या ओपल टॉवर या उंच इमारतीला तडे गेले, लोकांना घरं सोडावी लागली, या पद्धतीवर लई टीका झाली आणि पुढच्या वर्षी सरकारला बिल्डिंग कमिशनर नेमावा लागला.

त्याच राज्यानं 2017 मध्ये जमिनीची नोंदणी पण 35 वर्षांच्या लीजवर खाजगीकडं दिली. याला माझा साफ विरोध. दूध एका डेअरीचं आवडलं नाही तर दुसरीचं घेतो, सातबारा दुसऱ्या दुकानात मिळत नाही, मग स्पर्धा कसली? इंग्लंडनं पण लँड रजिस्ट्री, म्हणजे जमीन नोंदणीचं सरकारी खातं, विकायचा विचार 2016 मध्ये सोडून दिला. आणि सार्वजनिक गोष्ट लांबच्या कराराने दिली की काय होतं ते शहरातल्या रस्त्यांच्या टोलनं कोल्हापूरकरांना शिकवलंय, जास्त सांगत नाही.

तुमच्या गावात खाजगी भूकरमापक आलाच तर तीन गोष्टी विचारा: त्याला निवडलं कार्यालयानं की अर्जदारानं, फी चलनानं भरायची की त्याच्या हातात द्यायची, आणि निमतान्याला सरकारी माणूसच येणार का.