यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलचा ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळावं का? सोलापूरच्या उन्हात गाडीचं इंजिन जाम होईल अशी भीती वाटते.

अजिबात काढू नका. या ९८ सीसी इंजिनातला ऑटोल्यूब पंप, म्हणजे तेल आपोआप पुरवणारा हा ऑइल पंप, ही यामाहाची फार हुशार सोय आहे. तो इंजिनवर फिरतो आणि ॲक्सिलरेटरच्या केबललाही जोडलेला असतो, त्यामुळे वेग आणि भार दोन्ही बघून तेल सोडतो. मिसळलेल्या पेट्रोलचं तसं नाही. जोरात असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी. पंप मात्र फिरतच राहतो. केबलची खूण जुळवून घ्या, टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाच्या) तेलाची टाकी रिकामी होऊ देऊ नका.

उन्हाचं म्हणाल तर माझा पहिला संशय क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, ऑइल सीलवर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण रीड व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून) आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पेटीत, येतं, तिथे दाबलं जाऊन मग वर सिलिंडरमध्ये जातं. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील कडक झालं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हेच आधी नडतं. सिलिंडरच्या फिन्समधली (थंडावा देणाऱ्या पात्यांमधली) माती, तेलकट धूळही खरवडून काढा.