जिकडे तिकडे मार्कस

प्रश्न : सध्या रोमन इतिहास वाचतेय, पण जिकडे बघावं तिकडे मार्कसच! सिसेरो मार्कस, अँटनी मार्कस, ब्रूटसपण मार्कस. या नावाचा अर्थ काय, आणि सगळे एकमेकांचे नातेवाईक होते का?

उत्तर : नाही हो, नातेवाईक वगैरे काही नाही, रोमन लोकांकडे मुलांसाठी नावंच मोजकी होती. नेहमीच्या वापरातली जेमतेम दीड-दोन डझन, तीच पिढ्यानपिढ्या फिरवायची. त्यामुळे माणूस ओळखायचा तो पुढच्या नावांवरून, म्हणजे मार्कस टुलियस सिसेरोमधलं टुलियस हे कुळाचं आणि सिसेरो हे त्यातल्या शाखेचं. पहिलं नाव तर लिहितानाही पूर्ण लिहीत नसत. रोमच्या पँथिऑनवर, म्हणजे तिथल्या प्राचीन देवळावर, दर्शनी भागात आजही बघा, भलीमोठी अक्षरं आहेत, आधी नुसता एम, मग अग्रिप्पा, मग एल आणि एफ, म्हणजे ल्युसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा. बापलेकांची नावं एकेका अक्षरात उरकली!

अर्थाचं म्हणाल तर हे नाव मार्स या देवावरून आलंय असं मानतात. नावांच्या याद्यांमध्ये 'लढवय्या' एवढंच छापून मोकळे होतात ते मला अपुरं वाटतं, कारण मार्स युद्धाचा देव खरा, पण जुने रोमन शेतकरी पिकं-गुरंढोरं सांभाळ म्हणून साकडं त्यालाच घालायचे. मार्च महिना पण त्याचाच.

खरी गंमत पुढे आहे. या नावावर बंदीसुद्धा आली होती! मार्कस मॅनलियसने म्हणे उत्तरेकडून आलेल्या गॉल टोळ्यांच्या हल्ल्यात रोममधली कॅपिटॉल टेकडी वाचवली, पण पुढे राजा व्हायला बघतोय असा आरोप होऊन इ.स.पू. ३८४ मध्ये त्याला देहदंड झाला आणि त्याच्या कुळाने ठरवलं, आता आपल्यात कुणाचं नाव मार्कस ठेवायचं नाही. अँटनीचंही तेच, इ.स.पू. ३० मध्ये तो गेल्यावर सिनेटने फर्मान काढलं की त्याच्या अँटोनियस कुळात यापुढे मार्कस नको. प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो की त्या वेळी कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, होता सिसेरोचा मुलगा, ज्याच्या बापाला अँटनीनेच मारवलं होतं, आणि या पोराचं नावसुद्धा मार्कसच.

बाकी घराण्यांत नाव बिनधास्त चालू राहिलं, सम्राट मार्कस ऑरेलियस तर इ.स. १६१ ते १८० राज्य करून गेला. पुढे बायबलमधलं एक शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे त्या संत मार्कमुळे ते ख्रिस्ती जगात पसरलं आणि इटलीत मार्को, पोलंडमध्ये मारेक, फ्रान्समध्ये मार्क झालं.