३५० की ४५०? आधी कट्ट्याचा खर्च मांडू

प्रश्न: सर, वय ३४. अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो. हातात ४८,००० येतात. बायको घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई करते, सीझनला बरे मिळतात, एरवी धरायचे नाहीत. मुलगी ६ वर्षांची. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या १३,५०० च्या हप्त्यासकट घराला महिन्याला ३७,००० लागतात. मुलीसाठी ४,००० ची एसआयपी आहे. उरतात ७,०००. एफडी २,४०,०००. टर्म इन्शुरन्स नाही, पण पीएफ आहे. २०२० ची २०० सीसी स्पोर्ट्स बाईक आहे, कर्ज फिटलेलं, एकदाही क्लेम नाही. आता वाकून चालवलं की मनगट आणि कंबर भरून येते. इथल्या बुलेटवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरायचंय. ते महिन्याला एक राईड करतात, नळदुर्ग, तुळजापूर, विजयपूर अशी, आणि नोव्हेंबरात गोवा. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० चं ऑन-रोड कोटेशन २,३५,००० आलंय, हिमालयन ४५० चं ३,८०,०००. मित्र म्हणतात, “घ्यायचीच तर ४५० घे की बे, परत परत कोण घेतंय?” शोरूम जुन्या गाडीचे ५२,००० देतंय. एफडीतले १,४०,००० काढायचे, बाकीचं चार वर्षांचं कर्ज करायचं आणि दोन वर्षं एसआयपी थांबवायची, असं ठरवलंय. चुकतंय का?

उत्तर: गाडी बदलण्यात काही चुकत नाही. चौतिशीत कंबर बोलायला लागली, तर सरळ बसून चालवायची गाडी घेणं ही चैन नव्हे. पण ४५० ला माझा नकार आहे आणि ३५० ला होकार, तोही सहा महिन्यांनी. का ते सांगतो.

अकाउंट्सचे आहात, त्यामुळे तुमचं गणित कागदावर बसतं. ३,८०,००० मधून ५२,००० आणि १,४०,००० वजा केले की १,८८,००० चं कर्ज. ११ टक्क्यांनी ४८ महिने धरले तर हप्ता साधारण ४,८६०, आणि व्याजच ४५,००० च्या वर. उरणारे ७,००० आणि एसआयपीचे ४,००० मिळून ११,०००, त्यात हप्ता आरामात बसतो. आरामात बसतो, कारण त्यात मुलीचे पैसे धरलेत. दोन वर्षांचे ९६,००० तिच्या खात्यात जाणार नाहीत, आणि एसआयपी दोन वर्षांनी परत सुरू होईल हे माझ्यासमोर बसून मला अनेकांनी सांगितलंय. सुरू झालेली मी फार थोड्यांची पाहिली. शिवाय एफडीत राहतात १,००,०००, म्हणजे पावणेतीन महिन्यांचा घरखर्च. ज्या धंद्यात परदेशी ऑर्डर थांबली की आधी ओव्हरटाइम आणि मग माणसं कमी होतात, त्या धंद्यात तुम्ही आहात. पावणेतीन महिने पुरत नाहीत.

आता ३५० आणि ४५० मधला फरक. तुमचे मित्र त्याला “थोडे वर टाकायचे” म्हणत असतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, आणि त्यावरच्या गाड्यांवर, जिथे आधी सेस धरून ३१ टक्के होता, तिथे ४० टक्के. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसीचं आहे, हिमालयनचं ४५२. म्हणजे करापूर्वीच्या दर शंभर रुपयांवर एकीकडे १८ आणि दुसरीकडे ४०. विम्याचंही तसंच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर) एकदम भरावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनी १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ आहे आणि ३५० च्या वर १५,११७, जीएसटी वेगळा. तुम्ही जास्तीचे १,४५,००० द्याल तेव्हा त्यातला चांगला मोठा भाग लोखंडात न जाता सरकारात जाणार आहे. घाटाच्या, कच्च्या रस्त्याच्या गाडीसाठी तो द्यायला हरकत नसते, पण तुमचं रोजचं जाणं जुळे सोलापूर ते एमआयडीसी आहे आणि महिन्यातून एकदा हायवे. आणखी एक, जे कोटेशनवर छापत नाहीत: ४५० ची नेहमीची सीट सगळ्यात खाली केली तरी ८२५ मिलिमीटरवर असते. वहिनींना साडी नेसून, पुढे लेक बसलेली असताना, तिच्यावर चढायला सांगून बघा. टेस्ट राईडला त्यांना घेऊन जा, मित्रांना नको.

पण मला खरं बोलायचंय ते ग्रुपबद्दल. गाडीची किंमत डोळ्यांसमोर असते. ग्रुपची कुणी लिहून देत नाही.

नळदुर्गला जाऊन यायला शंभरेक किलोमीटर. बुलेटला लिटरला ३५ धरा, तीन लिटर पेट्रोल, वर नाश्ता, चहा. पाचशे-सहाशेत रविवार सकाळ. पाऊस चांगला झाला असेल आणि नर-मादी धबधबे कोसळत असतील, तर ते पैसे मी सुद्धा देईन. राईडने कुणाचं दिवाळं निघत नाही. खर्च होतो तो राईड थांबल्यावर. मी एकदा एका अशीलासोबत अशा राईडला गेलो होतो, मागच्या सीटवर. सकाळी सातला हायवेवरच्या हॉटेलसमोर पंधराएक गाड्या एका ओळीत, साइड स्टँडवर, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. उडीद वडा येईपर्यंत कुणी बसत नाही, सगळे गाड्यांच्या ओळीतून फिरतात. एक जण माझ्या अशिलाच्या गाडीपाशी उकिडवा बसला, सायलेन्सरकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, “स्टॉकच आहे होय?” म्हणजे कंपनीने दिलेलाच. बाकी काही नाही. पुढच्या महिन्यात अशिलाने सायलेन्सर बदलला होता. मग आरसे. मग फॉग लॅम्प, क्रॅश गार्ड, सॅडल बॅगा. वर्षाअखेर त्याच्या हिशेबात गाडीच्या नावावर ३८,००० दिसले आणि त्यात पेट्रोल नव्हतं. त्या माणसाने वाईट हेतूने विचारलं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. कट्टा असाच चालतो.

कंपन्यांना हे आपल्याआधी कळलं. हार्ले डेव्हिडसनने १९८३ मध्ये आपल्या ग्राहकांचा क्लब काढला, तेव्हा कंपनीची अवस्था काही बरी नव्हती. रॉयल एनफील्डचा गोव्यातला मेळा आधी रायडर मेनिया होता, २०२३ पासून मोटोव्हर्स आहे. नुसती गाडी घेणारा काही वर्षांनी एकदा शोरूमला येतो, कट्ट्यावर बसलेला अधूनमधून येतच राहतो. त्यात फसवणूक नाही, सोबत मिळते आणि ती खरी असते. रात्री अकराला कुठे पंक्चर झालं तर या मंडळींतलं कुणीतरी येतं, हे मी पाहिलंय. फक्त त्या सोबतीला महिन्याचा आकडा लावा. तुमच्यासाठी मी तो १,४०० लावतोय, कसा ते खाली येतं. त्यात गोवा एक वर्षाआड बसेल. दरवर्षी बसणार नाही, आणि ते ग्रुपमध्ये मोकळेपणाने सांगता आलं पाहिजे.

पैसे टाकायचेच असतील तर अंगावर टाका. आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट, ग्लोव्ह्ज, गुडघ्याचे गार्ड, जाळीचं जॅकेट. सोलापूरच्या मे महिन्यात जाड जॅकेट घालून कोण फिरतंय, म्हणून जाळीचंच घ्या, नाहीतर ते कपाटात राहील. सायलेन्सर मात्र नको. पोलीस पकडतात ते सोडा, विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर तिच्या सर्व्हेअरच्या डोळ्यांत पहिला भरतो.

आता सहा महिने काय करायचं. पहिला टर्म इन्शुरन्स. पीएफ आहे म्हणालात, त्याच्यासोबत ईडीएलआयचं विमा संरक्षण येतं, पण ते जास्तीत जास्त ७ लाख. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा, तोही फक्त अपघाताचा. फ्लॅटचं कर्ज आणि सहा वर्षांची लेक यांपुढे हे काहीच नाही. तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला १ कोटीचं कव्हर ढोबळ मानाने वर्षाला १२ ते १५ हजारांत मिळतं, आणि वैयक्तिक आयुर्विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. फॉर्ममध्ये छंद विचारतात, तिथे बाईक टूरिंग लिहा. लपवू नका. (मावा खात असाल तर तेही लिहा. सोलापूरकरांना हे वेगळं सांगावं लागतं.)

टर्मचे महिना १,२०० धरले की ७,००० चे ५,८०० राहिले. त्यातल्या ५,००० ची आरडी लावा, सहा महिने. ही हप्त्याची रंगीत तालीम आहे. मधे शाळेची फी येईल, कुणाचं लग्न येईल, गड्ड्याच्या जत्रेत लेक पाळण्यात बसल्याशिवाय घरी येणार नाही. तरी आरडी मोडली नाही, तर हप्ता झेपतो. मोडली, तर गाडी न घेताच कळलं, फुकटात.

सहा महिन्यांनी हिशेब असा. जुनी गाडी बाहेर विकून ६०,००० धरू, शोरूमच्या ५२,००० वर थांबू नका. आरडीचे ३०,०००. एफडीतले ६०,०००, जास्त नाही. झाले १,५०,०००. कर्ज ८५,०००, २४ महिने, ११ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३,९६०, एकूण व्याज दहा हजारांच्या आसपास. पेट्रोलचा फरक महिन्याला चारशे धरा. टर्म, हप्ता, पेट्रोल गेल्यावर ७,००० मधले १,४०० उरतात. तेच कट्ट्याचे. एसआयपीला हात नाही, एफडीत १,८०,००० शिल्लक, म्हणजे जवळपास पाच महिने. वहिनींच्या सीझनचे पैसे मी यात धरलेले नाहीत, ते धरायचे नसतातच.

कर्ज घेताना शोरूममधला माणूस “फक्त सात टक्के” म्हणाला तर विचारा, फ्लॅट की रिड्यूसिंग? म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की उरलेल्या कर्जावर? तीन वर्षांच्या कर्जाला ७ टक्के फ्लॅट म्हणजे रिड्यूसिंगच्या भाषेत पावणेतेराच्या आसपास होतात. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही, पण शोरूममध्ये नवीन गाडीला हार घातलेला असतो तेव्हा अकाउंटंटलाही भागाकार येत नाही.

जुनी गाडी बाहेर विकताना एक गोष्ट माझ्याकडून शिका. मी २०१६ मध्ये माझी स्कूटर ओळखीतल्याला दिली. मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, विसरलो. त्याने कागद आरटीओला दिलेच नाहीत. दोन वर्षांनी माझ्या नावाने सिग्नल तोडल्याचे दंड यायला लागले, मी कधी न गेलेल्या गावातले. दंडावर निभावलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. तेव्हा स्वतः आरटीओत जा, आणि आरसीवर नाव बदललेलं दिसल्यावरच दुसरी किल्ली द्या.

दुसरं, नो क्लेम बोनस. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के, म्हणजे नव्या गाडीच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) हप्त्यात निम्मी सूट. विक्री झाली की विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. पण त्याआधी जुन्या पॉलिसी काढून बघा. पुष्कळ जण पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेज घेतच नाहीत, नुसत्या थर्ड पार्टीवर गाडी चालवतात आणि मग “एकदाही क्लेम नाही” म्हणतात. तसं असेल तर बोनस नाही. नव्या गाडीला झिरो डेप (भरपाईतून सुट्या भागांची झीज न कापणारा विमा) मात्र घ्या. ३५० चं वजन १९५ किलो आहे, तुमच्या सवयीपेक्षा बरंच जास्त, आणि पहिल्या महिन्यात ती एकदा तरी पार्किंगमध्ये आडवी होते.

राहिला ग्रुप. पुढची राईड नळदुर्गची असेल तर या जुन्याच गाडीवर जा. येऊ देतात का बघा. मागे पडलात तर कुणी थांबतं का, नाश्त्याला गाडीशिवाय दुसरं काही बोलतात का, हेही बघा. तीन राईड झाल्या की आरडीच्या पासबुकासोबत मला कळवा.